न्यायालयीन वृत्तान्त आणि आयरिश वंशशोध : एक साधनचिकित्सा

आयर्लंडमधील सामान्य घराण्यांचा मागोवा घेऊ पाहणाऱ्या संशोधकास आरंभीच एका मोठ्या पोकळीला तोंड द्यावे लागते. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धास तोंड लागून दोनच दिवस झाले असता, डब्लिन येथील फोर कोर्ट्‌सच्या आवारातील सार्वजनिक दप्तरखाना स्फोटाने व आगीने नष्ट झाला. १८२१ ते १८५१ या कालखंडातील चार खानेसुमाऱ्यांची मूळ पत्रके, काही तुकडे वगळता, तेथेच जळाली. मृत्युपत्रे गेली, चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक पॅरिश-नोंदवह्या गेल्या. तथापि सर्व दोष त्या आगीच्या माथी मारण्याची जी रीत पडली आहे ती न्याय्य नव्हे. १८६१ व १८७१ ची पत्रके सरकारने स्वतःच नाहीशी केली होती आणि १८८१ व १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या लगद्यासाठी खर्ची पडली. परिणामी १९०१ पूर्वीची एकही खानेसुमारी समग्र स्वरूपात उपलब्ध नाही. जन्ममृत्यूंची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४ मध्ये. जमीनदार घराण्यांना याची झळ तितकीशी लागत नाही, कारण त्यांचे कागद त्यांच्या वाड्यांतही असत. कुळाचे व मजुराचे तसे नव्हते.

या पोकळीमुळे जुन्या वृत्तपत्रांतील न्यायालयीन वृत्तान्तांना वंशशोधात मोठे महत्त्व आले आहे, आणि ते सर्वस्वी अस्थानी आहे असे म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील आयरिश खेडुताची राजसत्तेशी गाठ पडे ती बहुधा ‘पेटी सेशन्स’ या सर्वांत कनिष्ठ न्यायासनासमोर. शेजाऱ्याच्या कुरणात शिरलेली गाय, परवान्यावाचून पाळलेले कुत्रे (हा परवाना १८६५ च्या कायद्याने आला), बाजाराच्या दिवशी दारूच्या भरात झालेली मारामारी, चोरून गाळलेली दारू, असल्या निमित्तांनीच त्याचे नाव कागदावर उमटे. या न्यायासनांच्या निकालवह्या १८५१ नंतरच्या काळापुरत्या पुष्कळ अंशी टिकल्या आहेत. मात्र वहीत फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, आरोप व दंड एवढेच सापडते. माणूस काय बोलला हे वही सांगत नाही. ते वृत्तपत्र सांगते. कुंपण कोणी मोडले, मोडणारा फिर्यादीचा मेहुणा कसा लागतो, त्या बांधावरून दोघांच्या बापांत पूर्वी काय तंटा होता, हे सारे साक्षीच्या ओघात बाहेर पडते. विशेष हे की, साक्षीदार मारामारीबद्दल खोटे बोलेल. पण आपला मेहुणा कोण याबद्दल खोटे बोलण्याचे त्याला सहसा प्रयोजन नसते. वंशशोधकाला जे हवे, नेमके तेच साक्षीदाराच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचे असते. आणि म्हणूनच ते अधिक विश्वसनीय ठरते.

परंतु साधन म्हटले की त्याची परीक्षा आली. वंशशोधकांच्या लेखनात या वृत्तान्तांना जणू शब्दशः टिपणाचा मान दिला जातो. वस्तुतः बातमीदार मजकूर निवडून लिही, आणि ज्यांच्यासाठी लिही ते वर्गणीदार आरोपीच्या वर्गातले नसत. खेडुताचे मोडके इंग्रजी हा करमणुकीचा विषय असे. त्याचे अशुद्ध उच्चार मुद्दाम तसेच छापून कंसात ‘हंशा’ हा शब्द घालण्याची पद्धत सर्रास होती. नातू-पणतू आज ज्या वाक्यांत पूर्वजाचा ‘खरा आवाज’ ऐकतात, त्यातील काही भाग बातमीदाराच्या विनोदबुद्धीचा असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आणि जो इंग्रजी बोलतच नव्हता त्याचे काय? या प्रश्नाची कसोटी म्हणून मामट्रास्ना खटल्याइतके दुसरे उदाहरण सापडणे कठीण. गॉलवे व मेयो या काउंट्यांच्या सीमेवरील या डोंगरी वस्तीत ऑगस्ट १८८२ मध्ये जॉन जॉइस, त्याची आई, पत्नी, मुलगी व मुलगा अशा पाच जणांची हत्या झाली. दहा जणांना पकडण्यात आले. पैकी दोघे माफीचे साक्षीदार झाले. नोव्हेंबरात डब्लिनमधील ग्रीन स्ट्रीटच्या न्यायालयात खटले चालले आणि १५ डिसेंबर १८८२ रोजी तिघांना गॉलवेच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्यांपैकी माइल्स जॉइस निर्दोष असल्याचे त्याच्यासोबत फाशी गेलेल्या दोघांनी मृत्यूपूर्वी सांगितले होते.

माइल्स जॉइस हे न्यायालयाने व वृत्तपत्रांनी चालविलेले नाव. गावात तो मीलरा शोई होता. त्याला आयरिश भाषा येत होती, इंग्रजी येत नव्हते. दुभाषी होता तो पोलिस दलातीलच एक शिपाई. निकालानंतर त्याला बोलण्याची संधी मिळाली तेव्हा त्याने देवाची शपथ घेऊन आपले निरपराधित्व सांगितले. ते वृत्तपत्रांत आले आहे, पण कसे? ‘तो असे म्हणतो की’ अशा तृतीय पुरुषी इंग्रजीत. त्याच्या तोंडचा मूळ शब्द वृत्तान्तात नाही. न्यायालयात झालेली भाषेची ही कोंडी मार्गारेट केलेहर यांनी २०१८ मधील आपल्या ग्रंथात केंद्रस्थानी आणली, हे त्यांचे मोठेच कार्य होय. त्यापूर्वी, १९९२ मध्ये, जार्लाथ वॉल्ड्रन यांनी या प्रकरणावर विस्तृत ग्रंथ लिहिला होता.

वंशशोधाच्या दृष्टीने या वृत्तान्तांतील खरा सापळा नावांचा आहे. मेलेला जॉन जॉइस आणि सरकारतर्फे साक्ष देणारा जॉन जॉइस हे दोन भिन्न पुरुष. पॅट्रिक जॉइस एक फाशी गेला, दुसरा साक्षीदारांत होता. खून झालेली ब्रिजेट जॉइस आणि माइल्सची पत्नी ब्रिजेट जॉइस यांचीही नावे एकच. गावकऱ्यांची यात गफलत होत नसे, कारण ते बापाच्या, आज्याच्या अथवा वाडीच्या नावाने माणूस ओळखत; बातमीदाराने ही ओळख अनेकदा गाळून टाकली. नाव जुळले की पूर्वज सापडला असे मानणाऱ्या संशोधकाने या एका खोऱ्यात पणजोबा म्हणून हत्या झालेल्याला धरावे की फाशी गेलेल्याला? अशा ठिकाणी निकालवही, तुरुंगाची नोंदवही व १९०१ ची खानेसुमारी ताडून पाहिल्याखेरीज एक पाऊलही पुढे टाकू नये.

नावाच्या लिपीचा प्रश्नही याच जातीचा. १९०५ मध्ये डोनेगॉलमधील नियाल मॅक गिल्ला व्रीजे याला आपल्या गाडीवर नाव आयरिश लिपीत रंगविल्याबद्दल दंड झाला. अपिलात पॅट्रिक पिअर्सने त्याची बाजू मांडली. पुढे १९१६ च्या उठावाचा नेता झालेल्या या बॅरिस्टराचे ते वकिलीतील एकमेव गाजलेले काम. अपील फेटाळले गेले. कायद्याच्या लेखी हा मनुष्य मॅकब्राइड. वंशज जर घरातील आयरिश नावानेच शोधू लागला, तर जो खटला त्या नावासाठीच लढला गेला तो त्याच्या हाती लागणार नाही.

साहित्यिकांच्या आठवणींनाही या कामी आधार मानता येत नाही. जेम्स जॉइसने १९०७ मध्ये त्रिएस्तच्या ‘इल पिक्कोलो देल्ला सेरा’ या पत्रात माइल्स जॉइसवर इटालियनमध्ये लेख लिहिला. दुभाष्यासमोर गोंधळलेला, एकाकी असा वृद्ध त्यात उभा केला आहे. प्रत्यक्षातील माइल्स वृद्ध नव्हता, मध्यमवयीन होता. आणि खटल्याच्या वेळी लेखक स्वतः तान्हे मूल होता. मुक्या केलेल्या देशाचे प्रतीक म्हणून तो लेख प्रभावी आहे. वय, नाते, स्थळ यांसाठी तो निरुपयोगी.

२०११ पासून ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमुळे जुने अंक संगणकावर शोधता येऊ लागले, आणि पूर्वी महिनोन्‌महिने चाळावे लागणारे काम क्षणात होते. पण यंत्र पुसट छपाई चुकीची वाचते आणि न सापडलेले नाव ‘नाही’ असे समजले जाते. याहून घातक सवय म्हणजे निकालाच्या बातमीशी थांबणे. १८८२ चे अंक वाचून माइल्स जॉइस दोषी ठरतो. त्याच डिसेंबरात ‘फ्रीमन्स जर्नल’मध्ये त्याच्या पत्नीच्या नावे प्रसिद्ध झालेले, पतीचे निरपराधित्व सांगणारे पत्र खटल्याच्या वृत्तान्ताबाहेर पडते, म्हणून ते सुटते. १८८४ मध्ये माफीच्या साक्षीदारांपैकी टॉमस केसी याने ट्यूमच्या आर्चबिशपसमोर आपली साक्ष खोटी असल्याचे कबूल केले. टिमथी हॅरिंग्टनने त्याच वर्षी खटल्यांवर आक्षेप घेणारी पुस्तिका काढली. हे सर्व छापलेलेच आहे, फक्त दोन वर्षे पुढच्या अंकांत. अधिकृत कागदात ही दुरुस्ती यायला मात्र २०१८ उजाडले. त्या वर्षी आयर्लंडचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी माइल्स जॉइसला मरणोत्तर माफी दिली.