खासगी पत्र आणि जाहीर मत

आपल्याकडे एका पुस्तकाविषयी एकाच जाणकाराची दोन मते आढळतात. एक लेखकाला पत्राने कळवलेले, दुसरे छापलेले. छापलेले मत भिडेचे आणि पत्रातले खरे, असे आपण धरून चालतो. पण पत्रातला खरेपणा नेमका कोणाच्या कामी येतो, हे तपासायला हवे.

पत्राचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा छापण्यापूर्वी लेखकाशी पत्राने बोलत. काय ढिले आहे, काय जास्तीचे आहे, ते कळवत. चारचौघांत पाणउतारा होत नसल्यामुळे लेखक ऐकूनही घेई. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, सभा-समारंभांपासून दूर राहिले; त्यांचे मनमोकळे बोलणे पत्रांतून झाले. 1987 साली ते गेल्यानंतर त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले आणि 2003 साली सुनीता देशपांडे यांचे ‘प्रिय जी. ए.’ आले. तोवर त्या संवादाला वाचक दोनच होते.

पत्राची मर्यादा इथेच दिसते. पत्र ओळखीच्या पत्त्यावर जाते. ज्याचा पत्ता त्या वर्तुळात नाही, त्याने काय करावे?

1885 साली पुण्यात मराठी ग्रंथकार सभा भरणार होती. न्या. रानडे यांच्या निमंत्रणाला जोतीराव फुले यांनी नकार कळवला. शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशी ज्यांच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, त्यांच्या सभेत आम्ही कशासाठी यावे, असा त्या उत्तराचा रोख होता. ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आले. रानड्यांच्या दप्तरातच राहिले असते, तर तो एका निमंत्रिताचा नकार ठरला असता. छापले गेल्यामुळे तो मराठी साहित्याला विचारलेला प्रश्न झाला आणि आजही त्याचे उत्तर द्यावे लागते.

हाच धागा आपल्या शहरात पुढे आला. तेव्हाच्या औरंगाबादेत 1967 साली गंगाधर पानतावणे यांनी सुरू केलेले नियतकालिक पुढे ‘अस्मितादर्श’ म्हणून रुजले. पानतावणे नव्या लेखकांना पत्रे लिहीत. पण त्यांनी लेखक-वाचक मेळावेही भरवले. खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या लेखकाला पाठीवरचा हात हवा होता, तसे चारचौघांसमोरचे स्थानही हवे होते. त्याच सुमारास, 1969 साली, मुंबईत तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. त्या रागाची भाषा कोणाला पटो न पटो, बंद दाराआड ठरणाऱ्या अभिरुचीविरुद्धची ती जाहीर तक्रार होती.

यावरून मला एक साधी कसोटी सुचते. हस्तलिखित लेखकाचे असते, पुस्तक वाचकाचे. हस्तलिखितातले दोष पत्रात सांगावेत. तिथे चव्हाटा कामाचा नाही. पुस्तक बाजारात आले की पैसे मोजून ते घेणारा वाचकही त्या मताचा हक्कदार होतो. त्याला परीक्षणात गोडवा आणि लेखकाला पत्रात कानउघाडणी, ही वाटणी न्यायाची नाही.

याची दुसरी बाजू अधिक बोचणारी आहे. नवख्या, आडगावच्या लेखकाला आज मोबाइलवर संदेश येतो: ‘फार ताकदीचे लिहिले आहे.’ पाठवणारा नामवंत समीक्षक असतो. नंतर त्याच्या लेखांत, वर्षाच्या आढाव्यात, पुरस्काराच्या चर्चेत त्या पुस्तकाचे नावही नसते. दोष खासगीत सांगणे हा कधी सौजन्याचा भाग असू शकतो. गुण मात्र फक्त खासगीत सांगणे म्हणजे लेखकाला त्याच्या हक्काची नोंद नाकारणे. पन्नास वर्षांनी मराठी कादंबरीचा अभ्यास करणाऱ्याला तो संदेश सापडणार नाही. त्याच्या हाती छापलेले कागद लागतील आणि त्यांत जे नाव नाही, तो लेखक झालाच नाही असे तो समजेल.