तरंगरूपाचे वाचन : ग्वाल्हेरच्या जाळीच्या निमित्ताने

ग्वाल्हेर येथील हजरत मुहम्मद गौस (मृत्यू १५६३) यांचा मकबरा त्याच्या दगडी जाळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. मधल्या दालनाभोवतीची पडवी या जाळ्यांनी वेढलेली आहे. अशा वास्तूची लेसर स्कॅनिंगने नोंद करायची झाल्यास यंत्राला काय मिळाले आणि संशोधकाने त्यातून काय वाचले, यांतील अंतर तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेसरचा किरण भूमितीतील रेषा नव्हे. ०.५ मिलीरेडियन प्रसरणाचा किरण १०० मीटरवर सुमारे ५ सेंटिमीटर रुंद होतो. जाळीवर पडल्यावर त्याचा काही भाग दगडावरून परततो, उरलेला छिद्रांतून आत जाऊन दालनाच्या भिंतीवरून. पूर्ण तरंगरूप पद्धतीत परतलेल्या प्रकाशाचा सारा चढउतार नोंदला जातो. त्यातून पृष्ठभाग शोधणे हे संकेत-प्रक्रियेचे काम.

या कामी गाउसियन विघटन सर्वाधिक रुळले आहे. हॉफ्टन, मिन्स्टर व ब्लेअर यांनी २००० साली ते मांडले. वाग्नर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये विमानातील स्कॅनरसाठी त्याला अंशांकनाची जोड दिली. प्रत्येक परताव्याचे अंतर, रुंदी आणि तीव्रता हाती येते, हा या पद्धतीचा मोठा गुण. मात्र प्रत्येक परतावा घंटेच्या आकाराचा असतो हे येथे गृहीत आहे आणि घंटा किती, हे विश्लेषकाच्या निकषावर ठरते.

प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो; जाण्यायेण्याचा हिशोब धरता हे अंतर १५ सेंटिमीटर होते. म्हणून ४ नॅनोसेकंदांच्या स्पंदात सुमारे ६० सेंटिमीटरपेक्षा जवळची पृष्ठे एकमेकांत मिसळू लागतात. विघटनाने ही मर्यादा काही अंशी ओलांडता येते. जाळी आणि तिच्यामागे काही मीटरवरची भिंत सहज वेगळी होईल. जाळीच्या शिळेची पुढची व मागची कड मात्र होणार नाही. तेथे आलेख अधिक जुळावा म्हणून आणखी एक घंटा बसवली, तर ती दगडाची नव्हे, गोंगाटाची आकृती ठरेल. विएनर किंवा रिचर्डसन-ल्यूसी पद्धतीचे डीकन्व्होल्यूशन स्पंदाचा स्वतःचा आकार वजा करून जवळचे परतावे सुटे करते. पण गोंगाटही वाढवते आणि नसलेला परतावा दाखवू शकते.

मॅले व ब्रेतार यांचा २००९ चा आढावा मुख्यतः भूरूप आणि वनस्पती यांभोवती फिरतो. झाडाच्या पर्णसंभारात एखादा परतावा चुकला तर सरासरीत खपून जातो. जाळीत तोच नक्ष्यातला दोष ठरतो. त्यामुळे या पद्धती वास्तूंच्या नोंदीसाठी जशाच्या तशा स्वीकारणे घाईचे होईल.

उर्दू हस्तलिखिताचा संपादक मतन ठरवताना पाठभेद तळटीपेत देतो आणि मूळ नुस्खा जपून ठेवतो. येथे बिंदूंचा संच म्हणजे संपादित पाठ आणि तरंगरूप म्हणजे नुस्खा. काही यंत्रे विश्लेषण स्वतःच उरकून केवळ बिंदू हाती देतात. साठवणुकीचा खर्च टाळण्यासाठी मूळ तरंगरूप सोडून दिले, तर पुढच्या अभ्यासकाला फेरवाचनाची वाटच उरत नाही. दगड झिजतो, त्या दिवशीची जाळी पुन्हा स्कॅन करता येत नाही. म्हणून वारसावास्तूंच्या प्रत्येक नोंदीसोबत मूळ तरंगरूप, स्पंदाचा आकार, घंटांची संख्या ठरवण्याचा निकष आणि जुळणीनंतर उरलेली तफावत जतन करणे आवश्यक आहे. त्याविना मिळालेला सुबक बिंदुसंच हा पुरावा नव्हे, केवळ एका वाचकाचे मत होय.