टाकी साफ करणारा मासा?

शाळेत किंवा घरी मत्स्यपेटी मांडू पाहणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो. पेटीत एक ‘सकर’ मासा सोडा, म्हणजे ती स्वच्छ राहील; तो काचेवरचे शेवाळ खातो, तळाची घाण खातो, त्याला वेगळे खाद्य लागत नाही. दुकानदार हे सांगतो, माहितीपत्रकांत हेच असते आणि तेथून ते विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांत उतरते. यातला शेवाळाचा भाग तेवढा खरा आहे. बाकीचा तपासायला हवा, कारण ज्या पेटीच्या आधारे मुलांना द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम सहज दाखवता येईल, त्याच पेटीत आपण त्यांना घाण ‘नाहीशी’ करणारा प्राणी दाखवत असतो.

‘सकर’ हे एका जातीचे नाव नव्हे. घरगुती पेटीला त्यातल्या त्यात साजेसा मासा म्हणजे ब्रिसलनोज. हा अँसिस्ट्रस या प्रजातीतला, मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतला. लांबी १० ते १५ सेंटिमीटर, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे कवच, आणि प्रौढ नराच्या थोबाडावर फांद्या फुटल्यासारखे मांसल तंतू. मागूर, शिंगटा यांच्याच कॅटफिश गणातला, पण खाण्याच्या सवयी अगदी वेगळ्या.

आता हिशेब मांडू. माशाने खाल्लेले शेवाळ जाते कुठे? थोडे अंगी लागते. बरेचसे विष्ठा होऊन तळाशी पडते. ब्रिसलनोजच्या पेटीत सकाळी लांब दोऱ्यांसारखी विष्ठा दिसते, ती मुलांना अवश्य दाखवावी. प्रथिनांतला नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात उतरतो. जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे शेवाळाचे खतच! काचेवरून खरवडलेले शेवाळ असे फिरून काचेवर येऊ शकते. या चक्रातून नायट्रेट बाहेर काढण्याचा सोपा मार्ग एकच, दर आठवड्याला साधारण पाव हिस्सा पाणी बदलणे. इतर माशांची विष्ठा हा मासा खात नाही. उलट त्याच्या येण्याने पेटीतली विष्ठा वाढते.

शिक्षकांसाठी येथे एक जोड देतो. अनेक पुस्तकांत नायट्राइटचे नायट्रेट करण्याचे काम ‘नायट्रोबॅक्टर’च्या नावे लिहिलेले असते. गोड्या पाण्याच्या मत्स्यपेट्यांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा गटातील जीवाणू करतात, असे १९९८ मध्ये दाखवले गेले. आणि याच गटातले काही जीवाणू अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करतात, हे २०१५ मध्ये कळले. अमोनियाचे विषारीपण पाण्याच्या सामूवर अवलंबून असते हेही सांगावे. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी, म्हणजे आयन न झालेल्या रूपात असतो; सामू ८ असेल तर पाच टक्क्यांहून अधिक. कूपनलिकेचे अल्कधर्मी पाणी वापरणाऱ्यांनी हा दसपट फरक ध्यानात ठेवावा.

‘वेगळे खाद्य लागत नाही’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. या माशांना किती शेवाळ लागते, याचे उत्तर शोधायला नदीवरच जावे लागते. पनामातील रिओ फ्रिहोलेस या ओढ्यात मेरी पॉवर या परिस्थितिकी-शास्त्रज्ञ बाईंनी कवचधारी कॅटफिशचा अभ्यास केला व १९८०च्या दशकात तो प्रसिद्ध केला. त्यांत अँसिस्ट्रसची एक जातीही होती. ओढ्यातले काही डोह उन्हात, काही झाडांच्या दाट सावलीत. उन्हातल्या डोहांत शेवाळ भराभर वाढते, तेव्हा तेथे हिरवागार थर दिसावा अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात दोन्हीकडे शेवाळ जवळपास सारखेच विरळ होते, कारण उन्हातल्या डोहांत मासे त्याच प्रमाणात जास्त होते. जिथे अन्न जास्त पिकते तिथे मासे जास्त जमतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारे अन्न साधारण सारखेच राहते. काठाच्या उथळ पाण्यात मात्र शेवाळाचा पट्टा तसाच शिल्लक असे. पाणपक्ष्यांच्या भीतीने मोठे मासे तिकडे फिरकत नसत.

पेटीत यातले काहीच शक्य नाही. काच साफ झाल्यावर माशाला दुसऱ्या डोहात जाता येत नाही. म्हणजे काच लख्ख दिसू लागते, नेमकी तेव्हाच त्याची उपासमार सुरू होते, आणि आपण कौतुकाने म्हणतो की मासा छान काम करतो आहे! दिवे मालवताना काकडीची, दुधीची चकती किंवा वाफवलेला पालक तळाशी ठेवावा आणि उरलेले सकाळी काढून टाकावे. हा मासा निशाचर आहे. दिवसा लपायला नारळाची करवंटी किंवा फुटक्या माठाचा तुकडा त्याला पुरतो. पेटी मात्र ८० ते १०० लिटरची हवी आणि पाणी २२ ते २७ अंशांचे.

‘तो चिवट आहे, काही होत नाही,’ हाही एक युक्तिवाद ऐकू येतो. चिवट आहेच. पाण्यात प्राणवायू कमी पडला की हा पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि जठराच्या भित्तिकेतून प्राणवायू शोषतो. पण ही संकटातली तजवीज आहे. मासा वारंवार वर झेपावत असेल तर पाणी बिघडले आहे असे समजावे. तो जगला एवढ्यावरून पाणी चांगले ठरत नाही.

पेटीत लाकडाचा ओंडका हवाच, त्याशिवाय पचन होत नाही, असेही ठासून सांगितले जाते. लाकूड खाणाऱ्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या याच कुळातल्या माशांच्या आतड्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनाही सेल्युलोज फारसे पचवता येत नाही असे त्यात दिसले. मग ब्रिसलनोजसाठी ‘हवाच’ म्हणणे जास्तच झाले. ओंडका ठेवावा तो त्यावर जमणाऱ्या जीवाणू-शेवाळाच्या थरासाठी आणि आडोशासाठी.

खरेदीपूर्वी एक मोजणी करावी. सकर म्हणून मिळणारे पिल्लू टेरिगोप्लिक्थिस प्रजातीचे असू शकते आणि ते ४० सेंटिमीटरच्या पुढे वाढते. पाठीवरच्या पराचा पुढचा जाड काटा सोडून मागच्या मऊ काड्या मोजाव्यात. ब्रिसलनोजला साधारण सात असतात, टेरिगोप्लिक्थिसला बहुधा दहा किंवा अधिक. ही मोजणी न करणारा मालक वर्ष-दोन वर्षांत पेटीत न मावणारा मासा घेऊन जवळच्या तळ्यावर जातो. भारतातल्या अनेक जलाशयांत, आपल्या उजनीतही, हे मासे आता जाळ्यांत सापडतात. त्यांच्या कवचाने आणि काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्यांना कोणी विचारत नाही.