कोणी किती घेतले

निर्वासितांविषयीच्या बातम्यांमध्ये एक ठरीव प्रकार आहे: कोणत्या देशानं किती निर्वासित घेतले याची तुलना. एक नकाशा, त्यावर कमी-जास्त जाडीचे बाण, शेजारी तक्ता, आणि मथळ्यात एखाद्या देशाची पाठ थोपटलेली किंवा कान धरलेला. या मजकुराकडे माहिती म्हणून पाहिलं जातं. मला तो साहित्यप्रकार वाटतो. त्यात नायक आहे, खलनायक आहे, भावुक शेवट आहे, आणि ज्यांच्याविषयी हे सगळं आहे त्यांच्या तोंडी एकही वाक्य नाही. तेव्हा त्याची समीक्षाही साहित्यासारखी, शब्द धरून करायला हरकत नसावी.

आधी क्रियापद पाहू. मराठी बातमीत देश निर्वासित ‘घेतो’, ‘स्वीकारतो’, फार झालं तर ‘सामावून घेतो’. कर्ता देश, कर्म माणसं. ही माणसं कधीमधी स्वतः कर्ता होतात, तेव्हा क्रियापद पुराचं असतं: लोंढे धडकतात, ओघ वाढतो. चालत आली, रात्री नदी ओलांडली, दलालाला पैसे दिले, मुलाची शाळा सोडवली, असली साधी क्रियापदं तुलनेच्या बातमीत बसत नाहीत. तक्त्याला ती नको असतात.

मग नाम. मी जयपुरात राहते आणि मुख्यतः हिंदीतून मराठीत अनुवाद करते, त्यामुळे या नामाशी माझी झटापट नेहमीची आहे. हिंदीचा ‘शरणार्थी’ म्हणजे शरण मागणारा. शब्दाच्या पोटातच दार आहे, दाराशी उभा असलेला याचक आहे, आणि दार उघडणारे आपण आहोत. मराठीचा ‘निर्वासित’ कर्मणी आहे: ज्याला वस्तीतून घालवून दिलं तो. इथे बोट वळतं ते घालवणाऱ्याकडे. बंगालीचा ‘उद्वास्तु’ वास्तूतूनच उपटला गेलेला असतो, गुजरातीचा ‘निराश्रित’ आधार गमावलेला. चारही शब्द संस्कृताच्या एकाच घरातले, पण एकच माणूस त्यांतून चार दिशांना तोंड करून उभा राहतो. एका मासिकासाठी केलेल्या अनुवादात मी ‘शरणार्थी’चं ‘निर्वासित’ केलं होतं. संपादकांनी ते पुन्हा ‘शरणार्थी’ केलं. ‘निर्वासित’ला फाळणीचा वास येतो, असं त्यांचं म्हणणं. येतोच की! म्हणून तर मला तो हवा होता.

हा शब्दांचा कीस नाही. ‘कोणी किती शरणार्थी घेतले’ हे वाक्य सुरळीत चालतं, कारण दोन्ही शब्द यजमानाचे आहेत. ‘निर्वासित’ शब्द मनावर घेतला, तर दुसराच प्रश्न आधी यायला हवा: कोणी किती निर्वासित केले? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या वार्षिक अहवालात तोही तक्ता असतो, कोणत्या देशातून किती माणसं बाहेर पडली त्याचा. सीरिया, अफगाणिस्तान, युक्रेन, म्यानमार ही नावं त्यात दिसतात. पण तिथेही घर सोडणाऱ्याचा देश दिसतो, घर पाडणाऱ्याचा दिसेलच असं नाही. युक्रेनच्या ओळीत रशियाचं नाव नसतं. आणि वर्तमानपत्राच्या पानावर यजमानांचा तक्ता जितक्या सहज येतो, तितक्या सहज हा येत नाही.

यजमानांचा तक्ताही सरळ नसतो. २०१५ साली जर्मनीत सुमारे ८ लाख ९० हजार माणसं आश्रयासाठी आली आणि ती जगाची बातमी झाली. त्याच वर्षी लेबनॉनमध्ये नोंदलेले सीरियन निर्वासितच १० लाखांच्या वर होते, आणि त्या देशाची स्वतःची लोकसंख्या साधारण ४५ लाख. निव्वळ आकडा घ्यायचा, की लोकसंख्येशी भागायचं, की उत्पन्नाशी? ज्याला जो देश मोठा दाखवायचा आहे तो त्याप्रमाणे भाजक निवडतो. इथवरचं कोणीही सांगेल. जास्त अवघड प्रश्न भागाकाराच्या आधीचा आहे: मोजायचं कोणाला?

त्यासाठी राजस्थानसारखी जागा नाही. जयपूरच्या मुख्य बसस्थानकाचं नाव ‘सिंधी कॅम्प’. अजमेरला, दिल्लीला जाणारे रोज हजारो लोक ते नाव उच्चारतात, पण तिथे कधी निर्वासितांची छावणी होती हे त्या नावातून आता कोणाला ऐकू येत नाही. फाळणीचे निर्वासित शहरात मुरले. त्यांच्यानंतरही सिंधमधून माणसं येतच राहिली. १९७१च्या युद्धात थरपारकरमधून हजारो कुटुंबं बाडमेरकडे आली. २००६ साली मुनाबाव-खोखरापार रेल्वेमार्ग पुन्हा सुरू झाला, तेव्हा थार एक्स्प्रेसनं कित्येक जण जोधपूरला उतरले. ऑगस्ट २०१९मध्ये ती गाडी बंद पडली. येणाऱ्यांत भिल्ल, मेघवाळ, कोळी यांची संख्या मोठी. हातात पासपोर्ट आणि व्हिसा, बऱ्याचदा तीर्थयात्रेचा. मुदत संपली की दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज, मग नागरिकत्वासाठी वर्षानुवर्षं खेटे.

आता यांना तक्त्यात कुठे बसवायचं? भारतानं १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, आणि आपल्या कायद्यात ‘निर्वासित’ असा वर्गच नाही. माणूस एक तर नागरिक, नाही तर परदेशी. संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यात भारतापुढे दोन लाखांहून थोडा जास्त आकडा असतो. त्यात मुख्यतः तिबेटी, श्रीलंकेतले तमिळ, आणि त्या संस्थेनं स्वतः नोंदलेले म्यानमार-अफगाणिस्तानचे लोक. व्हिसावर आलेला थरपारकरचा भिल्ल त्यात नाही. म्हणजे भारताची उदारता सिद्ध करणारा लेख आणि भारताची कंजुषी सिद्ध करणारा लेख, दोघंही एकाच अपुऱ्या आकड्यावर भांडतात.

राजस्थानातल्या हिंदी वर्तमानपत्रांचा या लोकांसाठी शब्द आहे ‘पाक विस्थापित’. सरकारी कागदांतूनच आलेला, आणि मोठा सोयीचा. त्यात शरण नाही, त्यामुळे शरण देण्याची जबाबदारीही नाही. मराठीत तो जसाच्या तसा आणता येत नाही. आपल्याकडे विस्थापित म्हटलं की कोयना आठवते, नर्मदा आठवते. पाकिस्ताननं एखादं धरण बांधलं आणि ही माणसं त्यात बुडाली, असा वाचकाचा समज व्हायचा. गंमत अशी की राजस्थानातही त्या अर्थाचे विस्थापित आहेतच: हिमाचलमधल्या पोंग धरणात जमिनी गेलेल्यांना इथे कालव्याखाली जमीन देण्याचं ठरलं होतं, आणि त्यांचं गाऱ्हाणं कित्येक दशकं चालू आहे. एकाच पानावर दोन्ही विस्थापित आले, तर संदर्भावरूनच ओळखायचे.

शिवाय हा शब्दही पान बदललं की टिकत नाही. डिसेंबर २०१९मध्ये नागरिकत्व कायद्याची दुरुस्ती झाली, मार्च २०२४मध्ये तिचे नियम आले. त्या पानांवर हीच माणसं ‘शरणार्थी’ होती, छळाला कंटाळून मायभूमीला आलेली. मे २०२३मध्ये जैसलमेरजवळ अमरसागर इथे त्यांच्यापैकी काहींची कच्ची घरं प्रशासनानं बुलडोझरनं पाडली, तेव्हा बातमी ‘अतिक्रमणा’ची झाली. बाया-मुलं उन्हात बसली, ओरड झाली, मग दुसरीकडे जमीन द्यायचं ठरलं. देशाच्या पानावर शरणार्थी, जिल्ह्याच्या पानावर अतिक्रमी. जयपुरात काही रोहिंग्या कुटुंबंही राहतात. त्यांना दोन्ही पानांवर एकच शब्द मिळतो, ‘घुसपैठिये’. मराठीत ‘घुसखोर’. ऑगस्ट २०१७नंतर काही महिन्यांत सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात गेले. तेव्हा बांगलादेशनं किती घेतले याचं कौतुक आपल्या वर्तमानपत्रांनीही छापलं. तेच लोक सीमेच्या अलीकडे दिसले की नाम बदलतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण माझे बरेच वाचक-मित्र त्या बाजूचे आहेत. इंग्रजीतल्या उदारमतवादी लेखांत रोहिंग्यांवर जितकी शाई खर्च होते, तितकी सिंधमधून आलेल्या मेघवाळावर होत नाही. तो चुकीच्या पक्षाला उपयोगी पडतो, म्हणून त्याच्याविषयी अवघडलेलं मौन. हाही पक्षपातच. त्या मेघवाळानं कोणाच्या भाषणात शोभून दिसण्यासाठी गाव सोडलेलं नाही.

युरोपीय-अमेरिकन माध्यमांचा पक्षपात तर फेब्रुवारी २०२२मध्ये उघड्यावरच आला. एक अमेरिकन वार्ताहर कीव्हमधून बोलताना म्हणाला की हे काही इराक किंवा अफगाणिस्तान नव्हे, हे तुलनेनं सुसंस्कृत शहर आहे. नंतर त्यानं माफी मागितली. पोलंडनं लाखो युक्रेनियनांसाठी घरं उघडली, ते खरं आणि मोठंच होतं. पण त्याच वर्षी जूनमध्ये बेलारूसच्या सीमेवर पोलंडचं १८६ किलोमीटरचं पोलादी कुंपणही पुरं झालं, ते इराक, सीरिया, अफगाणिस्तानातून येणाऱ्यांसाठी. एकच देश, एकच वर्ष. तुलना करायचीच तर दोन देशांची कशाला हवी?

आपल्याकडे त्या वसंतात वेगळीच गोष्ट रंगली होती. युक्रेनमधून निसटलेले भारतीय विद्यार्थी पोलंडमार्गे घरी आले, आणि पोलंडनं जुनं ऋण फेडलं असं छापून आलं. ऋण म्हणजे नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला ठेवून घेतलेली पोलिश मुलं, आणि कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची छावणी. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला सुमारे पाच हजार पोल राहत होते, बहुतेक स्त्रिया, मुलं, म्हातारी माणसं. शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत होती. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी वॉर्सात जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या अशा दोन्ही स्मारकांना पुष्पचक्रं वाहिली, तेव्हा ही गोष्ट पुन्हा सगळीकडे आली, बहुतेक ठिकाणी एका जोडवाक्यासह: सारं जग पाठ फिरवत असताना भारतानं दार उघडलं.

गोष्ट सुंदर आहे, आणि जामसाहेबांचा पुढाकार खराच होता. पण हे वाक्य तपासलं तर त्यातला एकही शब्द जागेवर राहत नाही. ‘सारं जग’? सोव्हिएत हद्दपारीतून सुटून १९४२ साली इराणात आलेले हे पोल पूर्व आफ्रिकेत गेले, मेक्सिकोत गेले, न्यूझीलंडमध्ये सातशेवर मुलं गेली. सगळ्यांत आधी त्यांना इराणनं उतरवून घेतलं. ‘भारतानं’? त्या वेळी दिल्लीत ब्रिटिश सरकार होतं, कोल्हापूर हे संस्थान होतं, आणि छावणीचा खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार उचलत होतं. वळिवड्याची छावणी उघडली त्याच साली बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीनं मरत होती. त्यांतल्या कोणाला हा देश ‘घेणारा’ वाटला असता? आणि हद्दपार कोणी केलं होतं, हा ‘निर्वासित’ शब्दातला प्रश्न, त्याचं उत्तर सोव्हिएत संघ. या गोष्टीच्या मराठी आवृत्त्यांत ते नाव बऱ्याचदा ‘युद्धामुळे’ या एका शब्दात विरघळून जातं.

वळिवड्याच्या गोष्टीचा अर्धा भाग तर बातमीत येतच नाही. पोल गेले आणि त्या जागी सिंधमधून आलेले निर्वासित राहायला आले. तेच आजचं गांधीनगर, दक्षिण महाराष्ट्रातला कापडाचा मोठा घाऊक बाजार. ठाणे जिल्ह्यात तेव्हा असंच घडत होतं: लष्कराच्या कल्याण कॅम्पात सिंधी कुटुंबं आणून ठेवली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्याचं उल्हासनगर झालं. तिथले लोक आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असंच म्हणतात. डिसेंबर २०१६मध्ये पाकिस्तान-बांगलादेश-अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार ज्या मोजक्या जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले गेले, त्यांत जयपूर, जोधपूर, जैसलमेरबरोबर ठाणे, पुणे, मुंबई आणि नागपूर होतं. म्हणजे ज्याला आपण राजस्थानच्या वाळवंटातला प्रश्न समजतो, त्याचे अर्ज ठाण्याच्या कचेरीतही पडलेले असतात.

एक तुलना मला वाचायला आवडेल, आणि तिला नकाशा लागणार नाही. जागा एकच, वळिवडे. १९४८च्या आगेमागे तिथे आधी पोल राहत होते, मग सिंधी. कोणाला रेशन कोण देत होतं, मुलांची शाळा कोणत्या भाषेत होती, गावातला दुकानदार कोणाला उधार द्यायचा, विहिरीवर कोणाला काय ऐकून घ्यावं लागायचं, परत जायचं नाही हे कोणाला कधी कळलं. एकांची आठवण वॉर्सात दगडात कोरलेली आहे. दुसऱ्यांची आठवण घरातल्या बोलीत असेल, किंवा दुकानाच्या पाटीवर राहिलेल्या एखाद्या गावाच्या नावात, जे गाव आता व्हिसाशिवाय पाहता येत नाही.