पाचवीला पुजलेली पाचवी

दहा दिवसांची रजा टाकून टोकियोतली 27 वर्षांची ताएको यामागाताकडच्या खेड्यात निघते, बहिणीच्या सासरच्या माणसांकडे, बेनिबानाची फुलं खुडायला. बेनिबाना म्हणजे आपली करडईच. आपण तिच्या बियांचं तेल गाळतो, तिथे पाकळ्यांपासून लाल रंग करतात. काटे मात्र तेच. दवाने ते नरम असतात तोवर पहाटेच हात घालायचा, हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागणार नाही.

इसाओ ताकाहाताच्या 'ओमोइदे पोरोपोरो' (1991) या अ‍ॅनिमेशनपटात जादू नाही, राक्षस नाहीत. ऑफिसला कंटाळलेली एक बाई आहे, आणि 1982 सालच्या त्या रात्रीच्या गाडीत तिच्याबरोबर चढलेली 1966 सालची, पाचवीतली ताएको. ती काही उतरायचं नाव घेत नाही.

आठवणींची चित्रं फिकट जलरंगात, कडांना कागद कोराच राहिलेला. खेड्यातलं मात्र पानन्‌पान रेखलेलं. माणसं हसली की गालांवर घड्या पडतात, कारण संवाद आधी ध्वनिमुद्रित करून चेहरे मागाहून काढले. या घड्यांमुळे ताएको थोराड दिसते अशी कुरकुर ऐकू येते. मला त्या फार आवडतात. सत्ताविसाव्या वर्षी माणूस दमलेला असू शकतो.

अननसाचा प्रसंग तर मी कितीदा पाहिला असेल! वडील गिंझाहून अननस आणतात. तो कापायचा कसा, हे घरात कोणालाच माहीत नाही. मोठी बहीण ते शिकून येते, फोडी होतात, सगळे पहिला घास घेतात. फळ कडक आहे, गोडही नाही. आजी, आई, बहिणी एकेक करून हात आखडतात. ताएको तेवढी हट्टाने चावत राहते. ताकाहाता तिला चावू देतो, घाई करत नाही.

खेड्यात तिला तोशिओ भेटतो, नोकरी सोडून सेंद्रिय शेतीत उतरलेला. ही निसर्गरम्य निसर्गरम्य म्हणत सुटते, तर तो सांगतो: रान, ओढा, शेतं, हे सगळं माणसांनीच घडवलंय. पाहुणीचा चष्मा तिथे तडकतो. मग त्या घरची आजी सरळच म्हणते, तोशिओशी लग्न कर. ताएको पावसात पळत सुटते. गाव आवडणं आणि गावात राबणं यांतलं अंतर तिला तेव्हा कळतं, आणि आठवतो पाचवीच्या वर्गातला एक मुलगा, अबे, सगळ्यांशी हस्तांदोलन करून फक्त हिला नकार देणारा.

शेवटचं गाणं मला जरा जास्तच गोड लागतं. पण परतीच्या गाडीत पाचवीतली पोरं तिच्याभोवती गोळा होतात, तिला उतरवून मागे फिरवतात. तोशिओची मोटार दोघांना घेऊन जाते, आणि पोरं रस्त्यात उभी राहतात.