मुळे माती धरतात, पण किती खोलवर?

‘झाडांची मुळे माती धरून ठेवतात’ हे वाक्य आपण वर्गात अनेकदा सांगतो. मातीची धूप थांबवण्यापुरते ते खरे आहे. पण डोंगरउतारावरील शाळेमागे माती अडवणारी भिंत असते. तिच्यावर झाडे लावली की ती भूकंपातही टिकेल, असा अर्थ या वाक्यातून सर्रास काढला जातो. तो तपासून पाहायला हवा.

चार मीटर उंचीची भिंत घेऊ. ती ढळते तेव्हा मागच्या मातीची पाचर, भिंतीच्या पायथ्यापासून तिरक्या वर जाणाऱ्या पातळीवरून घसरते. झाडांची बहुतेक मुळे वरच्या मीटरभरात असतात. ती या पातळीला केवळ माथ्याजवळ छेदतात. खाली आधार नाही. भिंत नसलेल्या उतारावरही हेच दिसते. जपानमध्ये होक्काइडो बेटावर ६ सप्टेंबर २०१८ रोजी झालेल्या भूकंपात हजारो ठिकाणी दाट वनाचे उतार घसरले. ज्वालामुखीय मातीचा कमकुवत थर मुळांच्या खाली होता. वरची माती झाडांसकट गेली.

‘झाडाच्या वजनानेच भिंत पडते’ हा उलट आक्षेपही हिशेबात फारसा टिकत नाही. भिंतीच्या दर मीटर लांबीमागे पाचरीचे वजन सुमारे ८ टन भरते. दोन टनांचे झाड चार मीटर लांबीत वाटले, तर भर पडते अर्ध्या टनाची. भूकंपाचे बल वस्तुमानाच्या प्रमाणात असते, म्हणजे वाढ जेमतेम ६ टक्के.

खरा शत्रू पाणी. निचरा होणाऱ्या मातीचा रेटा दर मीटर लांबीला सुमारे ५ टन असतो. पाणी माथ्यापर्यंत तुंबले, तर तो दुपटीहून अधिक होतो, आणि तोही धरणी हलण्याआधीच! मुळे निचऱ्याची भोके बुजवतात. वड-पिंपळ दगडांचे सांधे उकलतात. याउलट गवत माथ्याची धूप रोखते, झुडपे मातीतले पाणी शोषतात. हा लाभ खरा, पण भर पावसात तो तुटपुंजाच.

११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला तो कोयनेचा परिसर डोंगराळ आणि अतिपावसाचाच आहे. म्हणून ते वाक्य पुसू नये; त्यापुढे ‘किती खोलवर?’ हा प्रश्न जोडावा. पावसाळ्यात विद्यार्थ्यांना शाळेची भिंत दुरूनच पाहायला लावावी: भोकांतून पाणी येते का? भिंत फुगली आहे का? सांध्यात पिंपळ उगवला आहे का? उत्तरे लिहून ग्रामपंचायतीकडे द्यावीत.