दृष्टान्त आणि विवेक : अस्वस्थ करणाऱ्या स्वप्नाचा ख्रिस्ती अर्थ

मराठीत ‘दृष्टान्त’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. देवाने वा गुरूने स्वप्नात येऊन काही सुचविले, तर ‘दृष्टान्त झाला’ असे लोक म्हणतात. येशूने सांगितलेल्या बोधकथांनाही मराठी ख्रिस्ती लेखनात दृष्टान्तच म्हटले जाते. हे साम्य केवळ शाब्दिक नव्हे. स्वप्न काय आणि बोधकथा काय, दोन्ही ठिकाणी आशय चित्राच्या आड असतो आणि त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर पडते. म्हणून मन हादरवून सोडणाऱ्या स्वप्नाचा अर्थ ख्रिस्ती श्रद्धेने कसा लावावा, हा प्रश्न जितका धर्मशास्त्राचा, तितकाच अर्थमीमांसेचाही आहे.

स्वप्नाला सामान्यतः दोन प्रश्न विचारता येतात. ‘याचे फल काय?’ हा पहिला, आणि ‘याने काय करावयास सांगितले?’ हा दुसरा. स्वप्नाध्याय आणि पंचांगांतील शुभाशुभ फलांच्या याद्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात. पहाटेचे स्वप्न खरे होते, हा लोकसमजही त्याच वर्गातला. बायबलमध्ये फलाचा प्रश्न नाही असे नाही. फारोची सात पुष्ट व सात कृश गायींची स्वप्ने येणाऱ्या सुकाळदुष्काळाचे भाकीत करतात. परंतु योसेफ अर्थ सांगून थांबत नाही. सुकाळाच्या सात वर्षांत धान्याचा पाचवा हिस्सा साठवावा, अशी व्यवस्था तो लगेच सुचवितो. फलाचे ज्ञान येथे कर्तव्यात परिणत होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर मरियेचा पती योसेफ यास पडणारी स्वप्ने जवळजवळ चित्रहीन आहेत. मरियेचा स्वीकार कर, बालकाला घेऊन मिसर देशी जा, परत फीर, अशा त्या आज्ञाच आहेत.

या सर्वांहून विलक्षण स्वप्न मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. पिलात न्यायासनावर बसला असता त्याची पत्नी निरोप धाडते : त्या नीतिमान माणसाच्या भानगडीत पडू नका, त्याच्यामुळे स्वप्नात मला फार यातना झाल्या. तिने काय पाहिले हे मत्तय सांगत नाही. कोणी त्या स्वप्नाचा अर्थ लावीत नाही आणि निरोपाचा उपयोगही होत नाही. पिलात हात धुतो आणि येशूला क्रुसावर देतो. शुभाशुभाच्या कसोटीवर हे स्वप्न निष्फळ ठरते. तरीही ती स्त्री स्वतःचे काय होईल हे विचारीत नाही. एका निरपराध माणसावर अन्याय होत आहे एवढे तिला कळते आणि तेवढ्यावर ती बोलते. अस्वस्थतेचे सदसद्विवेकात रूपांतर होणे, हाच या स्वप्नाचा अर्थ होय.

ही दृष्टी मराठी मनाला परकी आहे, असे मानण्याचे कारण नाही. मुळशी तालुक्यातील मारुंजीपासून थोड्या मैलांवर देहू आहे, आणि मराठी वाङ्मयातील दोन सर्वांत प्रसिद्ध स्वप्ने देहूच्या तुकारामांची आहेत. एका स्वप्नात नामदेव पांडुरंगासह येऊन कवित्वाचे काम सोपवितो. नामदेवाच्या शतकोटी अभंगांच्या संकल्पातील उरलेला भाग तुकारामांनी पुरा करावयाचा असतो. दुसऱ्यात माघ शुद्ध दशमीच्या गुरुवारी बाबाजी चैतन्य मस्तकी हात ठेवून ‘राम कृष्ण हरि’ हा मंत्र देतात. या अनुग्रहाच्या स्वप्नातही एक सल आहे. गुरूने भोजनासाठी पावशेर तूप मागितले, त्याचा स्वप्नात विसर पडला आणि काही अंतराय आल्यामुळे की काय, गुरू त्वरेने गेले. दोन्ही स्वप्ने भविष्य सांगत नाहीत. एक काम देते, दुसरे नाम देते. बायबलमधील योसेफाच्या स्वप्नाला मराठी भूमीत जवळचे काही असेल, तर ते शुभाशुभाच्या यादीत नव्हे, देहूच्या या अभंगांत आहे. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, ही 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांची धारणा या संदर्भात अधिक अर्थपूर्ण वाटते.

मात्र येथेच एक भेदही ध्यानी घ्यावयास हवा. संतचरित्राच्या परंपरेत गुरूचा स्वप्नानुग्रह हा बहुधा अधिकाराचा पुरावा ठरतो. बायबल स्वप्नाला असा स्वयंसिद्ध अधिकार देत नाही. अनुवादाच्या तेराव्या अध्यायातील नियम या बाबतीत कठोर आहे : स्वप्नद्रष्ट्याने सांगितलेली खूण खरी ठरली, तरी तो अन्य देवांकडे नेत असेल तर त्याचे ऐकू नये. स्वप्न खरे होणे म्हणजे ते ईश्वरी असणे नव्हे. यिर्मयाही तेविसाव्या अध्यायात स्वप्न आणि ईश्वराचे वचन यांत भुसा आणि गहू यांच्याइतके अंतर मानतो.

अर्थ लावणाऱ्याचा स्वार्थ हा आणखी एक धोका. ऑगस्टीनच्या आत्मकथनातील एक प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. मुलगा मानी पंथात गेला म्हणून रडणाऱ्या मोनिकेला स्वप्नात धीर मिळतो की, जेथे ती आहे तेथेच तोही आहे. मुलगा अर्थ उलटवून सांगतो : तूच माझ्या पंथात येशील. ती तत्काळ उत्तरते की तसे सांगितलेले नाही. तो असेल तेथे मी नव्हे, मी आहे तेथे तो. पुढे मुलाच्या विवाहाविषयी तिने स्वप्नात कौल मागितला, तेव्हा दिसलेले सारे स्वतःच्याच मनाचे खेळ आहेत हे तिने ओळखले आणि ते बाजूस सारले. स्वप्नातील इच्छेचा वाटा फ्रॉइडने 1900 साली सिद्धान्तरूपाने मांडला. श्रद्धाळू मोनिकेला तो आपल्या परीने ठाऊक होता.

मराठी ख्रिस्ती जीवनात या कसोटीचा प्रसंग 1905 मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात आला. तेथील धर्मजागृतीत रुदन, पापकबुली आणि दर्शने यांचे वृत्तान्त प्रसिद्ध झाले. काहींनी ते ईश्वरी मानले, काहींना त्यांत भावनातिरेक दिसला. अशा वादाचा निर्णय दर्शनाच्या तीव्रतेवरून होऊ शकत नाही. त्यानंतर मनुष्य कबुली देतो काय, चोरलेले परत करतो काय, दुसऱ्याच्या सेवेला लागतो काय, हेच पाहावे लागते.

आज हिंजवडी-मारुंजीच्या बाजूस उद्योगांमुळे दूरदूरची कुटुंबे येऊन राहिली आहेत. घरापासून तुटलेल्या एखाद्या श्रद्धाळू आईला मुलाच्या मृत्यूचे स्वप्न पडले, तर तिला दोन प्रकारचे अर्थ सांगितले जाण्याचा संभव असतो. एक तिच्या भयाला भविष्याचे रूप देईल आणि भय शमविण्याचे उपाय विकेल. दुसरा तिला सांगेल की हे भाकीत नव्हे. ज्याच्यासाठी भय वाटले त्याच्यासाठी प्रार्थना कर, त्याच्याशी राहून गेलेले बोल, आणि उद्याची चिंता उद्यावर सोड. पहिल्यात स्वप्न धनी होते, दुसऱ्यात ते निरोप्या राहते. ख्रिस्ती अर्थमीमांसेचे सारे बळ निरोप्याला धनी होऊ न देण्यात आहे.